बूट होताना अटकलेला गेस्ट: आधी तो कुठे थांबलाय ते शोधा

मे महिन्यातली दुपार होती, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायला चार-पाच दिवस बाकी. नागपूरच्या इतवारीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवरून फोन आला. "भाऊ, लाइट जाऊन आली तेव्हापासून हिशेबाचा सर्व्हर चालू होऊनच नाही राहिला. चार वेळा बंद-चालू करून पाहिला."

मी पोचलो तेव्हा माळ्यावरच्या खोलीत कूलर घरघरत होता. होस्ट मशीन, म्हणजे खरा संगणक, व्यवस्थित चालू होतं. त्यावरच्या तीन व्हर्च्युअल मशीनपैकी (होस्टच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेले वेगळे संगणक, यांनाच गेस्ट म्हणतात) दोन उठल्या होत्या. तिसरीच्या स्क्रीनवर 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' एवढी एकच ओळ होती, त्याखाली काही नाही. मुनीमजी म्हणाले, "तासभर झाला, इथंच अटकून आहे."

ती अटकलेली नव्हती. ती पासवर्ड मागत होती, फक्त आम्ही बघत होतो त्या स्क्रीनवर नाही. आणि जे खरं नुकसान निघालं ते वीज गेल्यामुळे झालेलं नव्हतं, त्या चार वेळच्या बंद-चालूमुळे झालं होतं.

तेव्हापासून मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. 'हँग झाला' हे निदान नाही. गेस्ट थांबला म्हणजे तो कुठल्यातरी ठरावीक पायरीवर, कशाची तरी वाट बघत थांबलाय. ती पायरी कोणती आणि वाट कशाची, ही दोन उत्तरं मिळेपर्यंत पॉवरच्या बटणाला हात लावायचा नाही. खाली दिलेली रीत केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) आणि लिबव्हर्ट (त्या मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांची आहे, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि विंडोज गेस्टचंही थोडं पुढे येईल. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

पहिली दहा मिनिटं फक्त बघायचं

गेस्टच्या आत शिरता येत नसलं तरी होस्टवरून बरंच कळतं, आणि या बघण्याने काही बिघडत नाही. आधी घड्याळातली वेळ कागदावर लिहा. 'खूप वेळ झाला' आणि 'सहा मिनिटं झाली' यांत फार फरक असतो, आणि दुकानात माणसं खोळंबली असताना सहा मिनिटं तासासारखी वाटतात.

मग 'व्हर्श डोमस्टेट' चालवा ('व्हर्श' ही लिबव्हर्टची आज्ञा), गेस्टच्या नावापुढे दोन डॅश आणि 'रीझन' जोडून. उत्तर 'रनिंग' आलं तर गेस्ट चालू आहे. 'पॉज्ड' आलं तर होस्टनेच त्याला थांबवलंय आणि कंसात कारणही दिसतं. 'क्रॅश्ड' म्हणजे काय ते उघड आहे.

'रनिंग' असेल तर होस्टवर 'टॉप' लावून त्या गेस्टची क्यूईएमयू प्रोसेस (गेस्ट प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) किती सीपीयू खातेय ते पाहा. ती १०० टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून बसली असेल, तर एक व्हर्च्युअल सीपीयू एकाच जागी फिरतोय. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पॅनिक झाला, म्हणजे न सावरता येणाऱ्या चुकीने थांबला, तरी असंच दिसतं, कारण पॅनिकनंतर कर्नल रिकाम्या फेऱ्या मारत राहतो. ग्रबचा, म्हणजे कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू कळ दाबण्याची वाट बघत असला तरी सीपीयू असाच भरलेला दिसतो. उलट सीपीयू जवळपास शून्यावर असेल, तर गेस्ट निवांत बसून वाट बघतोय: डिस्कची, नेटवर्कची, पासवर्डची.

तिसरी गोष्ट डिस्कची. 'व्हर्श डोमबीएलकेस्टॅट' एकदा चालवा, आकडे लिहून घ्या, अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालवा. वाचलेले बाइट वाढत असतील तर आत काम सुरू आहे. वीज गेल्यानंतरच्या पहिल्या बूटमध्ये हे बहुतेक वेळा एफएससीके असतं, म्हणजे फाइलसिस्टिमची तपासणी. मोठ्या, फिरत्या डिस्कवर ती बराच वेळ चालते आणि स्क्रीनवर चकार शब्द उमटत नाही. अशा वेळी गेस्ट मध्येच तोडला, तर अर्धवट दुरुस्त केलेली फाइलसिस्टिम पदरात पडते. इतवारीत नेमकं हेच घडलं होतं. आकडे हलत असतील तर चहा मागवा आणि थांबा.

शेवटी 'व्हर्श स्क्रीनशॉट' घेऊन स्क्रीनचं चित्र जपून ठेवा. नंतर कोणाला विचारायचं झालं तर "काहीतरी काळं दिसत होतं" यापेक्षा ते चित्र कामाचं.

होस्टचीही तब्येत याच वेळी बघा. 'डीएफ' लावून जागा, 'फ्री' लावून मेमरी, 'डीमेसेज'मध्ये डिस्कच्या चुका. नागपूरच्या उन्हाळ्यात मी आणखी एक ओळ शोधतो, तापमान मर्यादेबाहेर गेल्याने सीपीयूचा वेग कमी केल्याची. पारा ४५ च्या पुढे असताना बंद माळ्यावर ठेवलेला टॉवर स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो, आणि मग गेस्टमध्ये 'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकला' असे इशारे येतात. प्रत्यक्ष मशीनवर हा इशारा कर्नलच्या गडबडीचा असू शकतो. गेस्टमध्ये तो बहुतेक वेळा एवढंच सांगतो की होस्टने त्याला वेळेवर सीपीयू दिला नाही. तिथे गेस्ट दुरुस्त करत बसू नका, खोलीची हवा आणि होस्टवरचा भार बघा.

'पॉज्ड' असेल तर उत्तर होस्टच्या डिस्कवर आहे

हे प्रकरण सोपं आहे, पण माणूस घाबरतो. क्यूकाऊटू प्रकारची डिस्क-फाइल लागेल तशी वाढते. गेस्टला २०० जीबी दिलेत असं आपण म्हणतो, पण होस्टवर तेवढी मोकळी जागा असेलच असं नाही. बूट होताना गेस्ट लॉग लिहायला जातो, होस्टची डिस्क भरलेली असते, आणि क्यूईएमयू गेस्टला तिथल्या तिथे गोठवतं. हे गेस्टच्या भल्यासाठीच असतं, कारण लिहिणं अपुरं राहून डेटा खराब होण्यापेक्षा थांबलेलं बरं. 'व्हर्श डोमबीएलकेएरर' चालवलं की 'नो स्पेस' असं स्पष्ट उत्तर मिळतं.

होस्टवर जागा करा आणि 'व्हर्श रिझ्यूम' द्या. गेस्ट जिथे थांबला होता तिथून पुढे जातो, रीस्टार्टची गरज नाही. जागा करताना जुन्या स्नॅपशॉटच्या (डिस्कची आधीची अवस्था जपणाऱ्या) फाइली हाताने उडवू नका. आधी 'क्यूईएमयू-इमेज इन्फो' ला 'बॅकिंग चेन' हा पर्याय देऊन कोणती फाइल कोणावर उभी आहे ते पाहा. साखळीतला मधला दुवा पुसला की वरचं सगळं जातं.

कोणत्या पायरीवर?

गेस्ट उठतो तो टप्प्याटप्प्याने. आधी फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारा पहिला प्रोग्राम: साध्या बायोससाठी सीबायोस, नव्या यूईएफआय पद्धतीसाठी ओव्हीएमएफ. मग ग्रब. ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस मेमरीत चढवतो. इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम, तिचं काम खऱ्या रूट डिस्कचा ड्रायव्हर लावून ती डिस्क शोधणं. ती सापडली की सिस्टिमडी ताबा घेतं आणि सेवा, शक्य तिथे एकाच वेळी, उठवतं. शेवटी लॉगिन.

स्क्रीनवर 'बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क' आणि त्याखाली नुसती लुकलुकणारी रेघ असेल, तर गाडी ग्रबपर्यंतसुद्धा पोचलेली नाही. याचं मला सर्वांत जास्त भेटलेलं कारण म्हणजे गेस्ट यूईएफआयमध्ये इन्स्टॉल केलेला, आणि दुसऱ्या होस्टवर नेताना नवी मशीन साध्या बायोसची बनवलेली. डिस्क तीच, पण बायोसला तिच्यावर काय चालवायचं ते कळत नाही. मशीनची व्याख्या ओव्हीएमएफची करा. उलटं झालं तर यूईएफआयची शेल समोर येते. शेल आली आणि गेस्ट तर आधीपासून यूईएफआयचाच आहे, अशा वेळी त्याची एनव्हीरॅम फाइल (यूईएफआयची बूटची सेटिंग असलेली) हरवलेली असू शकते. लिबव्हर्ट ती डिस्क-फाइलपासून वेगळी, स्वतःच्या एनव्हीरॅम फोल्डरमध्ये ठेवतं, आणि गेस्ट हलवताना लोक फक्त डिस्क उचलून नेतात. फर्मवेअरच्या मेन्यूत 'बूट फ्रॉम फाइल' निवडून ईएफआय विभाजनातली डिस्ट्रिब्यूशनच्या नावाच्या फोल्डरमधली ग्रबची किंवा शिमची (ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) फाइल दाखवली की गेस्ट उठतो. मग आत जाऊन 'ईएफआयबूटएमजीआर' ने नोंद पक्की करायची.

ग्रबचा मेन्यूच दिसतोय आणि पुढे जात नाही, असंही होतं. उबंटूमध्ये आधीचं बूट अपुरं राहिलं की ग्रब ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी मेन्यू दाखवून थांबतो. जुन्या आवृत्त्यांत हा मेन्यू कळ दाबेपर्यंत तसाच राहायचा, नंतर ३० सेकंदांची मुदत आली. वीज गेल्यावर स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर हा प्रकार हमखास 'हँग' म्हणून सांगितला जातो. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'ग्रब रेकॉर्डफेल टाइमआउट' ५ सेकंदांवर आणून ठेवा.

गेस्टला बोलतं करा: सिरियल कन्सोल

कर्नल चढला आणि शांतता झाली, तर पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट करू.

गेस्ट सुरू होताना ग्रबचा मेन्यू पकडा. बायोस असेल तर शिफ्ट दाबून ठेवायची, यूईएफआय असेल तर एस्केप. हव्या त्या कर्नलवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. तिच्यातून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढा, रेडहॅटच्या घराण्यात 'आरएचजीबी' असतं तेही काढा. हे शब्द संदेश लपवून रंगीत लोगो दाखवण्यासाठी आहेत, आणि आपल्याला हवी असलेली माहिती त्या लोगोमागे दडलेली असते.

मग त्याच ओळीच्या शेवटी दोन कन्सोल जोडा. आधी 'कन्सोल', बरोबरचं चिन्ह, लागून 'टीटीवाय' आणि शून्य. नंतर पुन्हा 'कन्सोल', बरोबरचं चिन्ह, 'टीटीवाय', मोठा 'एस', शून्य, स्वल्पविराम, ११५२००. पहिला म्हणजे नेहमीची स्क्रीन, दुसरा म्हणजे सिरियल पोर्ट (नुसता मजकूर पाठवणारी जोडणी, जी होस्टवरून वाचता येते). कंट्रोल आणि एक्स दाबून बूट करा, आणि होस्टवर दुसऱ्या खिडकीत 'व्हर्श कन्सोल' लावून बसा. बाहेर पडायला कंट्रोल आणि बंद चौकोनी कंस. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे मोकळेपणाने करून पाहा.

क्रमाला इथे महत्त्व आहे. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण सर्वांत शेवटी लिहिलेला कन्सोल हा मुख्य कन्सोल ठरतो आणि सिस्टिमडीचे संदेश त्यावरच येतात. इतवारीतल्या गेस्टच्या ओळीत फक्त सिरियल कन्सोल लिहिलेला होता, स्क्रीनचा नव्हताच. म्हणून ग्रबची शेवटची ओळ स्क्रीनवर तशीच चिकटून राहिली आणि पुढचं सगळं संभाषण सिरियल पोर्टवर, कोणी ऐकत नसताना, चाललं होतं. क्लाउडसाठी बनवलेल्या इमेजमध्ये सिरियल कन्सोल आधीच लावलेला असतो, त्यामुळे त्या इमेज घरच्या होस्टवर वापरताना 'ग्रबनंतर काळी स्क्रीन' दिसली, तर आधी 'व्हर्श कन्सोल' लावून एंटर दाबून बघा.

सिरियलवरसुद्धा काहीच आलं नाही, तर 'अर्लीप्रिंटके' हा पर्याय त्याच सिरियल पोर्टचं नाव देऊन जोडा. कन्सोल पूर्ण तयार होण्याआधीच कर्नल बोलू लागतो. आणि संदेश सिरियलवर येतात पण स्क्रीन काळीच, असं असेल तर दोष चित्राचा आहे. 'नोमोडसेट' घालून बघा किंवा मशीनचं व्हिडिओ कार्ड बदला.

रूट डिस्क सापडत नाही

सिरियलवर शेवटी 'ड्रॅकट इनिटक्यू टाइमआउट' अशा ओळी एकामागून एक येत असतील, किंवा डेबियन-उबंटूत 'गेव्ह अप वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' म्हणून इनिटरॅमएफएसची छोटी शेल उघडली असेल, तर गेस्टला आपली डिस्कच दिसत नाही. हँगच्या तक्रारींत हा भाग मला सगळ्यांत भरीव वाटतो, कारण इथे कारण समजलं की इलाज आपोआप सुचतो.

गेस्ट व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्सवरून केव्हीएमवर आणलाय का, हा पहिला प्रश्न. तिथे डिस्क साटा किंवा स्कझी पद्धतीने जोडलेली होती, इथे ती व्हर्टिओने, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या पद्धतीने, जोडली गेली. ड्रॅकट (रेडहॅटच्या घराण्यातलं इनिटरॅमएफएस बनवणारं अवजार) ती बनवताना, काटकसर म्हणून, त्या वेळच्या मशीनला लागणारेच ड्रायव्हर भरतं. व्हर्टिओ तेव्हा नव्हताच, म्हणून त्याचा ड्रायव्हर आत नाही. ड्रायव्हर मुख्य डिस्कवर आहे, पण डिस्क उघडायलाच तो ड्रायव्हर हवा. किल्ली कपाटात आणि कपाट बंद. डेबियनची पद्धत वेगळी, ते मुळातच बहुतेक ड्रायव्हर भरून ठेवतं, म्हणून तिथे हा त्रास कमी होतो.

इलाजाचे दोन रस्ते आहेत. घाईचा रस्ता असा: होस्टवर 'व्हर्श एडिट' करून डिस्कचा बस व्हर्टिओऐवजी साटा करा. गेस्ट उठेल. मग आत जाऊन ड्रॅकटला 'नो होस्टओन्ली' हा पर्याय देऊन इनिटरॅमएफएस नव्याने बनवा आणि परत व्हर्टिओवर या. रेडहॅटच्या घराण्यात ग्रबच्या मेन्यूत 'रेस्क्यू' नावाची एक नोंद असते. तिच्यातल्या इनिटरॅमएफएसमध्ये सगळे ड्रायव्हर असतात, म्हणून बस न बदलताही तिच्यावरून बूट होऊन बघता येतं.

दुसरा रस्ता लांबचा: गेस्टला एखादी लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉल न करता चालणारी लिनक्स) लावायची, रूट डिस्क माउंट करायची, 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' आत जोडायचे, 'सीएचरूट' करायचं (गेस्टच्या डिस्कलाच रूट मानून आत शिरायचं) आणि तिथे इनिटरॅमएफएस बनवायची. इथे एक चूक मी स्वतः दोनदा केली आहे. नुसतं ड्रॅकट चालवलं की ते 'यूनेम' सांगेल त्या कर्नलसाठी फाइल बनवतं, आणि सीएचरूटमध्ये यूनेम आयएसओचा कर्नल सांगतो, गेस्टचा नाही. 'लिब' मधल्या 'मॉड्यूल्स' या फोल्डरमध्ये गेस्टच्या कर्नलचा नेमका क्रमांक बघून तो आज्ञेत स्पष्ट लिहायचा. उबंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ला सगळ्या कर्नलसाठी बनव असं सांगता येतं, ते सोपं.

गेस्ट हलवलेला नाही, कालपर्यंत चालू होता, तर अपडेटवर संशय घ्या. अपडेट अर्धं झालं आणि वीज गेली, किंवा 'बूट' विभाजन भरलं, तर इनिटरॅमएफएस अर्धवट किंवा शून्य बाइटची राहते. मग कर्नल 'अननोन ब्लॉक शून्य-शून्य' म्हणत पॅनिक होतो. ग्रबमधून जुना कर्नल निवडा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. म्हणूनच जुना एक कर्नल कधीही पुसू नये.

सिस्टिमडीचे ९० सेकंद

'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ आणि तिच्यापुढे मोजणी दिसत असेल, तर चांगली बातमी आहे: कर्नल, डिस्क, ड्रायव्हर सगळं ठीक आहे. सिस्टिमडी एका ठरावीक गोष्टीसाठी थांबलंय आणि तिचं नावही सांगतंय. नेहमीची मुदत ९० सेकंद असते, आणि लोक पन्नासाव्या सेकंदाला गेस्ट तोडतात.

नाव एखाद्या डिस्कचं असेल तर 'एफएसटॅब' फाइल, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कची यादी, बघायची. त्यात लिहिलेली डिस्क आता हजर नाही, किंवा फॉरमॅट केल्याने तिचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदलला. इतवारीत रात्रीच्या बॅकअपची यूएसबी डिस्क गेस्टला जोडलेली होती. वीज येता-जाता ती मेली. गेस्टने तिची ९० सेकंद वाट पाहिली, मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन सिरियलवर रूटचा (मुख्य प्रशासकाच्या खात्याचा) पासवर्ड मागत बसला. ज्या डिस्कशिवाय काम चालू शकतं तिच्या ओळीत 'नोफेल' लिहा, आणि 'एक्स-सिस्टिमडी डिव्हाइस टाइमआउट' १० सेकंद ठेवा. बॅकअपची डिस्क नाही म्हणून दुकानाचा हिशेब बंद पडावा, हे कोणालाच नको असतं.

उबंटूच्या अनेक गेस्टमध्ये रूटचं खातं कुलूपबंद असतं. मग इमर्जन्सी मोड 'रूट अकाउंट लॉक्ड' म्हणतो, एंटर दाबा म्हणतो, आणि पुन्हा तिथेच येतो. अशा वेळी ग्रबच्या त्याच ओळीत 'इनिट' बरोबर 'बिन बॅश' लिहून बूट करा, रूट डिस्क 'रीड-राइट' करून पुन्हा माउंट करा आणि एफएसटॅब सुधारा. रेडहॅटच्या घराण्यात 'आरडी ब्रेक' वापरतात. त्यात पासवर्ड बदललात तर 'ऑटोरीलेबल' ची रिकामी फाइल ठेवायला विसरू नका. पुढच्या बूटला सगळ्या फाइलींवर एसईलिनक्सच्या (सुरक्षाव्यवस्थेच्या) खुणा नव्याने बसतात आणि त्यात वेळ जातो. तोही हँग नसतो.

नाव नेटवर्कचं असेल, म्हणजे 'नेटवर्कडी वेट ऑनलाइन', तर बहुतेक वेळा गेस्टला नेटवर्क कार्ड वेगळ्या नावाने दिसतंय. मशीनची व्याख्या बदलली की कार्डाची जागा बदलते आणि 'ईएनपी१एस०' चं 'ईएनपी७एस०' होतं. सेटिंग जुन्या नावावर अडून राहतं. या सेवेची मुदत १२० सेकंद असते, त्यानंतर गेस्ट उठतो, फक्त नेटशिवाय.

नावच कळत नसेल तर 'सिस्टिमडी डीबग शेल' बरोबर १ असा पर्याय कर्नलच्या ओळीत घाला. नवव्या टर्मिनलवर पासवर्डशिवाय रूटची शेल मिळते, तिथे 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स' चालवलं की कोण कोणासाठी थांबलंय ते दिसतं. काम झाल्यावर हा पर्याय आठवणीने काढा, उघडं दार आहे ते.

कळ दाबली की पुढे सरकतो?

हे लक्षण ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्यांनी पाहिलंय ते लगेच ओळखतील. गेस्ट मिनिटभर गप्प बसतो, कन्सोलवर तुम्ही चार कळा बडवल्या की 'सीआरएनजी इनिट डन' अशी ओळ येते आणि भराभर पुढे जातो. गेस्टला यादृच्छिक आकडे हवे असतात, एसएसएचसारख्या सेवांना ते लागतात. खऱ्या मशीनला ते कीबोर्ड, माउस, डिस्कच्या अनियमित हालचालींतून मिळतात, एकट्या पडलेल्या गेस्टकडे अशी हालचालच नसते. २०१८ साली सुरक्षेसाठी कर्नल याबाबत कडक झाला, आणि ४.१७ पासून पुढच्या कर्नलमध्ये हा त्रास उघड दिसू लागला. ५.४ मध्ये कर्नलने स्वतःच आकडे जमवायची सोय केली. त्याच्या आधीचा कर्नल असलेला गेस्ट अजून चालवत असाल, तर मशीनला 'व्हर्टिओ आरएनजी' हे उपकरण जोडा आणि त्याचा स्रोत होस्टचा 'यूरँडम' ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

तरीही गप्प असेल तर

गेस्ट कर्नलमध्येच रुतलाय असं वाटत असेल, तर बंद करण्याआधी त्याचा जबाब घ्या. 'व्हर्श सेंड-की' ने डावी ऑल्ट, सिसआरक्यू आणि डब्ल्यू एकत्र पाठवा. सिसआरक्यूची परवानगी असेल तर अडकून बसलेल्या सगळ्या कामांची यादी सिरियलवर उतरते. यादीत डिस्कशी संबंधित नावं असतील तर पुन्हा होस्टच्या डिस्ककडे वळायचं. त्यानेही काही आलं नाही तर 'व्हर्श डंप' ने मेमरीची प्रत काढून ठेवा. एवढं झाल्यावर मगच 'व्हर्श डिस्ट्रॉय'. नाव भयंकर असलं तरी ही आज्ञा गेस्टची फक्त वीज काढते, डिस्क पुसत नाही.

बंद गेस्टची डिस्क होस्टवरून उघडण्यासाठी लिबगेस्टएफएसची अवजारं फार कामाची आहेत. 'व्हर्ट-कॅट' ने एफएसटॅब वाचता येते, 'व्हर्ट-एडिट' ने बदलता येते, 'व्हर्ट-रेस्क्यू' ने एफएससीके करता येतं. 'क्यूईएमयू-इमेज चेक' ने डिस्क-फाइलची स्वतःची रचना तपासता येते. मात्र गेस्ट चालू असताना यातलं लिहिणारं काहीही वापरायचं नाही. दोन बाजूंनी एकाच डिस्कवर लिहिलं की ती संपली. आणि दुरुस्तीचा पर्याय वापरण्याआधी डिस्क-फाइलची प्रत काढायची. जागा नसेल तर बाहेरची डिस्क विकत आणा, बर्डीवर तासाभरात मिळते.

व्हर्च्युअलबॉक्स आणि विंडोज

हिंगणा रोडकडच्या कॉलेजांतली मुलं लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा गोष्ट वेगळी असते. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स, आत उबंटू, आणि बूट होताना अर्धा तास. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाने, धरून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतंय. 'मेमरी इंटेग्रिटी' हे सुरक्षेचं सेटिंगही हायपर-व्ही चालू ठेवतं. ते बंद करायचं की नाही हा लॅपटॉपच्या मालकाचा निर्णय, कारण त्यातून सुरक्षा कमी होते. कासव नाही आणि ६४ बिटचा गेस्ट सुरूच होत नाही, तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हीटी-एक्स, म्हणजे हीच सोय, बंद असेल. बाकी सगळं 'व्हीबॉक्स डॉट लॉग' या फाइलमध्ये मिळतं.

विंडोज गेस्ट केव्हीएमवर आणल्यावर गोल फिरत राहतो आणि शेवटी 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणतो, ते वर सांगितलेलं किल्ली-कपाटाचंच प्रकरण. बूटची डिस्क साटावर ठेवा, १ जीबीची एक रिकामी व्हर्टिओ डिस्क सोबत जोडा, विंडोज उठल्यावर 'व्हर्टिओ-विन' आयएसओमधून ड्रायव्हर बसवा, बंद करा, मग बूटची डिस्क व्हर्टिओवर न्या.

इतवारीत पुढे काय झालं

सिरियल लावल्यावर पासवर्डची ओळ समोर आली आणि पाच मिनिटांत एफएसटॅब सुधारली. खरं काम त्यानंतर होतं. चारपैकी एका बंद-चालूत हिशेबाच्या डेटा डिस्कची तपासणी मध्येच तुटली होती. डिस्क-फाइलची प्रत काढून एफएससीके पूर्ण केलं तेव्हा काही फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' मध्ये जाऊन पडल्या. मेलेल्या बॅकअप डिस्कच्या जोडीला एक आठवड्याची जुनी प्रत दुसऱ्या जागी होती, म्हणून निभावलं. त्या मधल्या आठवड्याच्या पावत्या मुनीमजींनी आणि त्यांच्या मुलीने दोन रात्री बसून पुन्हा भरल्या.

त्यानंतर तिथे मी चार बदल केले. यूपीएसला होस्टशी यूएसबीने जोडून 'नेटवर्क यूपीएस टूल्स' लावलं, म्हणजे बॅटरी संपत आली की होस्ट स्वतःहून बंद होतो. 'लिबव्हर्ट-गेस्ट्स' सेवेत होस्ट बंद होताना गेस्टना रीतसर शटडाउन करण्याचं ठरवून दिलं, आणि सुरू होताना एकेका गेस्टमध्ये थोडं अंतर ठेवलं, नाहीतर तिघांची तपासणी एकाच डिस्कवर एकाच वेळी सुरू होते. प्रत्येक गेस्टला दोन्ही कन्सोल कायमचे लावले. आणि होस्टच्या बाजूला भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत डोमबीएलकेस्टॅटची आज्ञा इंग्रजीत लिहिली आहे, आणि खाली मराठीत: आकडे हलत असतील तर हात लावू नका, फोन करा.

पुढच्या नवतप्यात लाइट गेली तेव्हा मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, आकडे हलून राहिले. बसून आहे मी."